शेजारची खुर्ची

दुपार झाली तरी शाल्मलीच्या टेबलाशेजारची खुर्ची रिकामीच होती. एरवी कंपनीत आलेला प्रत्येक नवा प्रोग्रॅमर दिवसभर तिथेच बसून शंका विचारायचा, कारण शाल्मलीने लिहिलेलं फ्रेमवर्क, म्हणजे कंपनीच्या सगळ्या प्रोग्रॅम्सचा सांगाडा, तिच्याशिवाय कुणाच्या डोक्यात शिरत नसे. बरेच जण वैतागून नोकरी सोडून गेले, तेव्हा ते सोपं व्हावं म्हणून तिने मन घट्ट करून त्यातला निम्म्याहून जास्त कोड काढून टाकला होता.

सकाळीच रुजू झालेली रुबिनाही गेली की काय? शाल्मली धसकून उठली.

रुबिना आपल्या टेबलाशी निवांत डबा खात होती. समोरच्या स्क्रीनवर तिने केलेला पहिला बदल व्यवस्थित चालत होता.

"अगं, मला काहीच विचारलं नाहीस?"

"अडलंच नाही कुठे, मॅडम."

शाल्मली जागेवर परतली. चपला काढून तिने त्या खुर्चीवर दोन्ही पाय पसरले आणि डोळे मिटले.