मणिकर्णिकेकडे वळणारी गाडी

"तुम्हीपण गाडी बघायलाच आलात का?"

रत्नाकरराव दचकले. काशीत, मैदागिनच्या चौकात चहाच्या टपरीशेजारी ती तीनचाकी मोटरसायकल उभी होती, आणि तिच्या पलीकडे दगडावर टेकलेला म्हातारा त्यांना दिसलाच नव्हता. डोक्याला गमछा, गालात पान.

"हो. तुम्ही मराठी?"

"रामघाटावरचा. नरहर म्हणतात. मीही गिऱ्हाईकच. पण काय सांगू, बघा तुम्हीच."

गाडीचा मालक हजर नव्हता. मालकाच्या मुलाने, शार्दूलने, फोनवर सांगितलं होतं, "काका, बाबांचं वय झालंय, म्हणून विकायला काढतोय. मी ऑफिसात अडकलोय, किल्ली चहावाल्याकडे ठेवलीय. खुशाल चालवून बघा."

वय तर रत्नाकररावांचंही झालं होतं. बँकेतून निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं लोटली होती. गेल्या महिन्यात गोदौलियाला सांड आडवा आला म्हणून ते थांबले, पाय टेकायला गेले, तर जमीन सापडेचना. फटफटीसकट ते सावकाश आडवे झाले, एखादा माणूस वामकुक्षीला आडवा होतो तसे. लोकांनी उचलून वर थंडाई पाजली. पण बातमी त्यांच्या आधी घरी पोचली आणि बायकोने, सुनीतीने, फर्मान काढलं: दोन चाकांची विकायची. तीन चाकांची चांगली मिळाली तर ठीक, नाहीतर यापुढे इ-रिक्षा.

इ-रिक्षात दुसऱ्याच्या पाठीकडे बघत जायचं? त्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं रत्नाकररावांना वाटे.

चहावाल्याने त्यांना किल्ली दिली आणि नरहरांच्या हातात न मागता बिनसाखरेच्या चहाचा कुल्हड ठेवला.

रत्नाकरराव गाडीवर बसले. मागे दोन चाकं, बूड भक्कम. पाय टेकायची गरजच नाही. आरसे लख्ख, टाकीवर आपला चेहरा दिसतोय. त्यांना एकदम हलकं वाटलं.

"बसायला छान आहे हो," नरहर म्हणाले. "निघाल्यावर कळतं."

"काय कळतं?"

"हँडल जरा सैल सोडलं की मणिकर्णिकेच्या मसणघाटाकडे वळते. मालक बिचारा लंका मोहल्ल्यातल्या दुकानात साडी बदलून घ्यायला निघाला होता. पोचला कुठे? मणिकर्णिकेला! तिथला लाकूडवाला म्हणतो, 'का गुरू, इतनी जल्दी?'"

रत्नाकरराव हसले. "मग मालकालाच चालवता येत नसेल."

"छे छे!" नरहरांचं पान गालातल्या गालात थबकलं. "मालकाचा हात सोन्यासारखा. साऱ्या पक्क्या महालाच्या गल्ल्यांत तसा चालवणारा नाही. दोष गाडीचा."

"बरं. हॉर्न?"

"हॉर्न मारूच नका. सांड उठायचा सोडून जवळ येऊन बसतो. त्याला वाटतं, गावाकडचं कोणी आलंय. एकदा एक मागोमाग घरापर्यंत आला. तीन दिवस पाहुणचार घेतला, चौथ्या दिवशी मालकाच्या सासूबाई आल्या तेव्हा कुठे गेला."

चहावाला पाठ फिरवून खोकला. खोकला जरा लांबलाच.

"आणि हे बघा," नरहरांनी खाली बोट दाखवलं. इंजिनाखाली तेलाचं थारोळं साचलं होतं. "गळतंय. कालही गळत होतं."

"कालही आला होतात?"

"घ्यायची म्हणजे दोनदा बघायला नको?"

रत्नाकरराव खाली उतरले. गुडघा सांभाळत वाकले, थारोळ्यात बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. वास इंजिनाचा नव्हता, फोडणीचा होता. मग ते बोट रुमालाला पुसत राहिले, बोट स्वच्छ झालं तरी पुसत राहिले. नरहर दुसरीकडे बघत होते. एका हाताने त्यांनी गमछ्याचं टोक ओढलं आणि आरशावर पडलेला धुळीचा कण टिपला.

रत्नाकररावांनी गाडीकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग तिथेच उभं राहून फोन लावला.

"शार्दूल? गाडी बघितली. इंजिन गेलंय हो. भंगारवालाही नेणार नाही. राहू द्या घरीच."

पलीकडून मोठा उसासा आला. "कमाल आहे काका, जो येतो तो हेच म्हणतो."

नरहरांनी टपरीकडे वळून हाक मारली, "अरे, साहेबांना एक चहा. साखर भरपूर. माझ्याकडून."

दोघांनी चहा घेतला. रत्नाकररावांनी सांडाची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. या वेळी सांड पाच दिवस राहिला.

घरी आल्यावर सुनीतीने विचारलं, "पसंत पडली?"

"गाडी फक्कड. पण तेल गळतं तिचं."

"म्हणजे इ-रिक्षा. ठरलं." तिने पर्स घेतली. "आपल्या फटफटीला पाच वाजता गिऱ्हाईक येतंय. आपल्यातलाच आहे, रेल्वेत बदलून आलाय. फाटक उघडं ठेवा. मी शेजारच्या बकुळकडे भजनाला चाललेय, त्याच्याशी नीट बोला."

"बोलेन की. बरं, मोहरीचं तेल कुठे ठेवलंयस?"

"कशाला?"

"गुडघ्याला."

पाच वाजता फाटक करकरलं. रेल्वेतला तरुण गृहस्थ आत आला आणि फटफटीपाशी थांबला. पलीकडे उलट्या बादलीवर गुडघा सांभाळत एक म्हातारा बसला होता. डोक्याला गमछा, गालात पान. इंजिनाखालच्या थारोळ्याकडे बघत तो हळहळून मान हलवत होता.

पावलांची चाहूल लागताच त्याने वर पाहिलं.

"या, या. तुम्हीपण गाडी बघायलाच आलात का?"