माफीची जागा

"या फळ्या उखडा म्हणून सांगितलं होतं ना मी?"

वर्डेल टॉलिव्हर काठी आपटत आत आली तेव्हा सुतार जेवायला बसले होते. थेरॉन गॅस्किन हातातला नकाशा ठेवून उठला. माउंट ऑलिव्हेट चर्चचं कलाकेंद्र करायचं काम त्याच्याकडे होतं. चौदा वर्षं कुलूप लागलेली इमारत होती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या काळ्या वस्तीतल्या माणसांनी स्वतः विटा भाजून बांधलेली.

"मिस वर्डेल, एकशेदहा वर्षांचं पाइन आहे हे. असं लाकूड आता मिळत नाही. घासलं की आरशासारखं दिसेल."

"मला आरसा नकोय."

तीन आठवडे हेच चाललं होतं. वर्डेल सत्त्याहत्तर वर्षांची. निम्म्या गावाला तिने शाळेत शिकवलेलं, थेरॉनलाही. तिला बाहेर जा म्हणायची कुणाची छाती नव्हती. ती रोज यायची आणि दोनच गोष्टींवरून भांडायची. वेदीसमोरच्या फळ्या काढा आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन लोकांचा बाक जाळा.

"देवाच्या घरात आता नाचगाणी होणार, याचा राग येतोय का?" थेरॉनने शेवटी विचारलं.

"नाचगाणी करा, नाही तर कोंबड्या पाळा. राग त्याचा नाही."

"मग?"

वर्डेलने काठीचं टोक फळीवर रोवलं. "एकोणीसशे पासष्ट साल. शनिवारी रात्री गुत्त्यात ब्लूजची गाणी म्हटली, म्हणून रविवारी इथे उभं केलं. सतरा वर्षांचं वय. डीकन त्या बाकावर ओळीने बसले होते. सगळ्या मंडळीसमोर माफी मागायला लावली, गायकवृंदातून नाव काढलं. तेव्हा ते गाणं सैतानाचं होतं. आता त्याचीच तिकिटं विकणार तुम्ही, आणि त्यांच्या बाकाला पॉलिश करताय."

थेरॉन बाकाकडे वळला. "माझे आजोबा होते त्यात?"

"डावीकडून तिसरे. मान डोलवत होते."

"त्यांना सांगितलं कुणी?"

"गायकवृंदातलंच होतं कुणीतरी."

"जिवंत आहे?"

"जेवूनखाऊन सुखरूप आहे," वर्डेल दातओठ खात म्हणाली. "लोक वाट सोडून उभे राहतात त्याच्यासाठी."

थेरॉनने बाकाचं एक टोक स्वतः उचललं आणि सुतारांना हाक मारली. तो बाक मागच्या अंगणात जाऊन पडला. पण फळ्यांना हात लावायला तो तयार होईना.

"उद्घाटनाला याच जागेवर तुम्ही गाणार. ज्यांनी तुमचं तोंड बंद केलं, त्यांच्या नातवंडांसमोर. माझ्यासमोर."

"मी गाणार नाही."

"साठ वर्षं गप्प बसलात, मिस वर्डेल. आता पुरे."

ती काहीतरी बोलणार होती. पण सुतार जेवण सोडून तिच्याकडे बघत होते. त्यांतल्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती. वर्डेल वळली आणि काठी टेकत निघून गेली.

गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. त्या रविवारी हजर असलेले लोक आता कबरस्तानात होते, नाही तर केव्हाच उत्तरेकडे निघून गेले होते; नव्या पिढीने हे प्रथमच ऐकलं आणि ती पेटून उठली. शेजारणी रताळ्याचा गोड पदार्थ भाजून घेऊन आल्या. वर्डेलने दारातूनच ताटं परत केली. नव्या चर्चचा तरुण पाळक माफी मागायला आला, त्याच्या तोंडावर तिने दार आपटलं. जखम किती खोल असेल, असं लोक म्हणाले.

उद्घाटनाला दुपारी सभागृह खचाखच भरलं. थेरॉन माइकसमोर उभा राहिला. "याच जागी आमच्या वाडवडिलांनी एका मुलीचा आवाज दाबला. आज तो आवाज परत येतोय."

सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. वर्डेल सावकाश फळ्यांवर जाऊन उभी राहिली. पियानोवाल्याने सूर धरला. तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"बसा," ती वर्गात म्हणायची तसं म्हणाली. सगळे बसले.

"इथे उभी होती ती ओझेल रकर. मी तिथे होते, गायकवृंदात, दुसऱ्या ओळीत. ईस्टरचं मुख्य गाणं तिच्याकडे होतं. त्या रविवारनंतर ते मला मिळालं. ओझेल त्याच संध्याकाळी शिकागोच्या बसमध्ये बसली. आईच्या मातीलाही आली नाही."

थेरॉन हळूच म्हणाला, "मिस वर्डेल, पाणी देऊ?"

"गप्प बस, पोरा." तिने माइक घट्ट धरला. "शनिवारी ती कुठे गायला जाते, हे तिने गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त मला."