वळणावरची भिंत

बेटावरच्या त्या खेड्यात दरवर्षी रस्ते बंद करून मोटरसायकलींची शर्यत होई. शिवणकाम करणाऱ्या आत्याच्या अंगणाची भिंत नेमकी अवघड वळणावर होती. एका वर्षी तिचा भाऊ शर्यतीत त्याच भिंतीवर आदळून जागीच गेला. टायरचा काळा ओरखडा तिने कधी पुसू दिला नाही. भिंत पाडा म्हणणाऱ्या आयोजकांना ती सांगे, "भावाची तेवढीच खूण उरलीय." यंदा भावाच्या मुलीने शर्यतीत नाव दिलं. आत्याने तिला अडवलं नाही, गवंड्याला बोलावलं. "पाड." "ओरखड्यासकट?" "सगळी." दुसऱ्याच फेरीत तिथेच भाचीचा तोल गेला. गाडी मोकळ्या अंगणातून घसरत कोबीच्या वाफ्यात शिरली. आत्या धावली. चिखलाने माखलेली पोरगी उठून बसली होती. "आत्या, तुझा कोबी गेला." आत्याने तिचे हातपाय चाचपले आणि गाडीला हात घातला. "कोबीचं मी बघते. तिकडून उचल, सगळे पुढे निघालेत."