आपुलकीचा मेसेज

लोक आपापल्या ब्लॉगवर आमच्या वस्तूंची लिंक टाकतात, तिथून कुणी खरेदी केली की त्यांना कमिशन मिळतं. अशा पार्टनर मंडळींना धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. सुरुवातीला माणसं कमी पडत होती, म्हणून ताईलाही तिच्या शिवणकामाच्या ब्लॉगसकट त्यात ओढलं होतं. पुढे बाबांच्या आजारपणात कोण किती राबलं यावरून आम्हा बहिणींचं वाजलं आणि बोलणंच बंद झालं.

काल साहेब म्हणाले, "जे पार्टनर थंड पडलेत, त्यांना मेसेज टाक. जरा आपुलकीनं लिही, घरच्या माणसाला लिहिल्यासारखं."

मी लिहिलं, "तुमची आठवण येते. माझं काही चुकलं असेल तर सांगा, पण असं गप्प बसू नका." खाली माझं नाव टाकलं. सगळ्यांना एकदमच निवडलं, बटण दाबलं आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

आज सकाळी एकच उत्तर आलेलं दिसलं. ताईचं.

"अगं, 'तुमची' काय? अजून रुसलीयेस का? माझंच चुकलं गं, पण कुठल्या तोंडानं फोन करणार होते? रविवारी घरी येऊ?"

त्याच्याखाली आमच्या सिस्टीमनं रात्रीच परस्पर पाठवलेलं उत्तर होतं.



"आपल्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील."