क्लबातलं ताट

मोमिनाबाद छावणीच्या गोल्फ क्लबात कॅप्टनसाहेबाने आश्रुबा पाटलाला चौथ्यांदा जेवायला बोलावलं होतं. मैदान वाढवायला साहेबाला त्याचं विहिरीकडचं रान हवं होतं. आधीच्या तिन्ही खेपांना पाटलाने उपवास सांगितला आणि पाण्यालाही हात लावला नाही. या खेपेला साहेबाने मागे वेगळी चूल मांडून ब्राह्मण आचारी बसवला. पाटलासमोर पुरणपोळीवरचं तूप थिजत आलं होतं. तो खुर्चीवर सारखा चुळबुळत होता आणि डोईचं पागोटं पुन्हा पुन्हा सावरत होता. साहेब हात धुवायला आत गेला तसा क्लबचा कारकून राधाकिशन पाटलाच्या कानाशी वाकला.

"आता काहून जेवत न्हाई, पाटील? इटाळाचं तर कारन उरलं न्हाई."

"इटाळाला कोन भेतंय? ह्याचं मीठ खाल्लं, की रान न्हाई देत म्हनायला माझी जीभ उचलंल का?" बोलता बोलता पाटील थांबला आणि त्याचे डोळे चमकले. "असं कर, साहेबालाच आदी माझ्या घरी जेवायला आन. लई झ्याक बोकड कापतो. माझं मीठ खाल्ल्यावर त्यो कोन्त्या तोंडानं रान मागंल?"

राधाकिशनने आतल्या दाराकडे पाहून आवाज आणखी खाली आणला.

"तुमच्या शेजारच्या शहादेवाकडं साहेब दोनदा पोटभर जेवला, पाटील. आपुन बसलोय ते शहादेवाचंच रान हाय."