बाहेरच्यांचं पातेलं

हे सतरावं दुकान. लेकीनं आईला भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं, तिची काठी टेबलाला टेकवली आणि समोरच्या स्टुलावर ती स्वतः बसली म्हणण्यापेक्षा पडलीच. सकाळी सहापासून लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती.

या शहरात काय मिळत नाही? देशोदेशीची माणसं आली ती आपापली चूल घेऊन आली. एका चौकात चार मुलखांचं जेवण मिळतं आणि इस्त्रीवालीच्या पगारातही परवडतं. आईबाबा ज्या मुलखातून आले तिथलं रांधणारी दुकानंही कमी नव्हती. ड्रायव्हरांना विचार, गिऱ्हाइकांना विचार, असं करत लेकीनं शहर पालथं घातलं होतं. रोज कामावरून सुटलं की एक दुकान. आधी चमचाभर चाखायचं, अगदी आईच्या हातचं लागलं की डबा भरून घ्यायचा आणि दोन बस बदलून घरी यायचं. आई दोन घास चिवडायची आणि डबा सरकवायची. "हे नाही गं."

ऑपरेशनला महिना होऊन गेला होता. शेगडीशी उभं राहायची आईला ताकद नव्हती आणि वजन तर आठवड्याला किलोभर उतरत होतं. "आतून सगळं ठीक आहे," डॉक्टर म्हणाले होते, "आवडेल ते खाऊ द्या, पण खाऊ द्या. नाहीतर सोमवारी भरती करा, नळीनं घालू." आज शनिवार. "तूच चल आता," लेक दुपारी वैतागून म्हणाली होती. "तुझं तू सांग. मी हरले."

दुकानात टेबलं पाचच. कोपऱ्यात दोन रंगारी खाली मान घालून जेवत होते. स्वयंपाक करणारी बाई पदराला हात पुसत स्वतःच विचारायला आली.

"रस्सा-भात, दोन," लेक म्हणाली. "तिखट बेतानंच घाला हं. आजारी माणूस आहे."

"थांब," आई म्हणाली. आणि त्या बाईकडे वळून आपल्या गावच्या बोलीत, "आधी पळीभर आणून दाखव पोरी. वास घेऊ दे."

बाई दचकली. आत्तापर्यंत तिनं आईकडे पाहिलंच नव्हतं. आत जाऊन ती वाफाळती पळी घेऊन आली. आईनं नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं.

"हे कुणाला घालतेस?"

"बाहेरच्यांना, मावशी."

"आणि तुम्ही काय खाता?"

बाईनं रंगाऱ्यांकडे एकदा बघून घेतलं. "आमचं पातेलं मागे असतं," ती हळूच म्हणाली. "ते सगळ्यांना नाही देत. लोक नाकं मुरडतात, पैसे परत मागतात."

"तेच आण. एकच ताट."

ताट आलं. रस्सा काळपट, वर हिरवट तवंग, आणि असा आंबूस-कडवट वास की लेकीनं मान फिरवली. आईनं मात्र बाह्या सारल्या. पहिला घास घेऊन ती क्षणभर थांबली, मग दुसरा घेतला, मग तिसरा. भात कालवणारी तिची बोटं कितीतरी दिवसांनी भराभर चालत होती. लेकीच्या जिवात जीव आला. टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडावं असं तिला वाटलं, पण रडायलाही अंगात त्राण हवं.

अर्धं ताट संपल्यावर तिनं विचारलं, "हे तू घरी कधी केलंस गं? मला कसं आठवत नाही?"

"रोज करायचे."

"रोज? मी रोज तुझ्याच हातचं जेवत होते की!"

"तुझं वेगळं काढायचे," आई म्हणाली. "शाळेत पहिल्याच आठवड्यात डबा तसाच परत आणलास. पोरं वास येतो म्हणतात, म्हणालीस. मग दोन पातेली चढवायला लागले. तुझं जेवण झालं की मी आणि तुझे बाबा बसायचो."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"एवढी दमून यायचीस. हौसेनं डबा उघडायचीस. काय बोलणार?"

लेकीला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. सोळा दुकानांत तिनं चमचा तोंडात घातला होता आणि 'अगदी आईच्या हातचं' म्हणत डबे भरून घेतले होते. चव ओळखण्यात ती एकदाही चुकली नव्हती.

"मला दे," तिनं ताटाकडे हात नेला.

"राहू दे गं."

"दे म्हणते ना."

तिनं हट्टानं चांगला मोठा घास घेतला. कडूपणा थेट नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं. घशानं साफ नकार दिला. ओठ घट्ट मिटून ती बसून राहिली आणि शेवटी अर्धा तांब्या पाण्याबरोबर तिनं तो कसाबसा खाली ढकलला.

"कसं आहे?" आईनं विचारलं.

"चांगलं आहे."

आईनं तिच्याकडे नीट बघितलं. रागावली नाही, हसलीही नाही. ताट आपल्याकडे ओढून घेत तिनं आत हाक मारली, "पोरी, बाहेरच्यांतलं एक ताट आण गं. लेक माझी सकाळपासून उपाशी आहे."