पुसलेली माणसं

कोल्हापुरातल्या सिम्युलेशन गटाच्या बैठकीत कारखान्याचं संगणकातलं मॉडेल दाखवताना त्यातली माणसं पुसायची रीतच होती. म्हणजे चित्र भराभर पळायचं. ऋजुतानेही आपल्या ओतकामाच्या फाउंड्रीतली पुसली.

“काय वहिनी, मालकांनाबी पुसलं व्हय?” गटप्रमुख दाभोळे हसले. तिचा नवरा मानसिंग त्याच फाउंड्रीत पाळीवर होता.

“घरी तरी कुठं दिसतात? लेक पाहुणाच समजते त्यांना!”

हशा ओसरला तेव्हा तिला पडद्याच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा दिसला. मॉडेल खऱ्या फाउंड्रीला जोडलेलंच राहिलं होतं, आणि तिथली यंत्रं मॉडेलमध्ये असेल तेवढंच पाहत.

तिने घाईघाईने माणसं परत मागवली. फाउंड्रीतल्या श्वासांचा माग काढत मॉडेल एकेकाला पडद्यावर उभं करू लागलं. सगळे आले. क्रेनखालची मानसिंगची जागा तेवढी रिकामी राहिली.